शाळेत कांजिण्यांची साथ : शाळा बंद करावी की तारखा मोजाव्यात?

प्रश्न : मी एका जिल्हा परिषद प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. पहिली ते सातवीचे वर्ग असून पटावर १४० मुले आहेत. ५ फेब्रुवारीला तिसरीतील एका मुलाच्या अंगावर कांजिण्या दिसल्या म्हणून त्याला लगेच घरी पाठवले. त्यानंतर जवळजवळ दोन आठवडे काहीच झाले नाही. १७ तारखेला स्नेहसंमेलन झाले आणि १८ ते २१ फेब्रुवारी या चार दिवसांत आणखी सहा मुलांना पुरळ आले. त्यांतील पाच तिसरीतीलच आहेत आणि एक त्या पहिल्या मुलाची धाकटी बहीण आहे. स्नेहसंमेलनामुळेच हे झाले, असे पालक म्हणतात. काही जण शाळा बंद करा असा आग्रह धरतात. काही घरांत ‘बाया आल्या आहेत, औषध चालत नाही’ असे सांगून मुलांना दवाखान्यात नेत नाहीत, तर मजुरीला जाणारे पालक तिसऱ्या-चौथ्या दिवशीच मुलाला पुन्हा शाळेत आणून सोडतात. ग्रामपंचायत फवारणी करून द्यायला तयार आहे. आमच्या एक सहशिक्षिका पाच महिन्यांच्या गर्भवती आहेत आणि पाचवीतील एका मुलाला मूत्रपिंडाच्या विकारासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. मी नेमके काय करावे?

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार. आपल्या पत्राच्या शेवटी ज्या दोघांचा उल्लेख आहे, त्या सहशिक्षिका आणि पाचवीतील मुलगा, त्यांचा विचार सर्वांत आधी करायला हवा. म्हणूनच त्यांच्याविषयीचा सल्ला आपल्याला दूरध्वनीवरून आधीच कळवला होता. इतर शाळांच्याही उपयोगी पडावा म्हणून तो येथे पुन्हा लिहितो. निरोगी मुलाला होणाऱ्या कांजिण्या बहुतेक वेळा आठवड्याभरात मागे पडतात, पण गर्भवती स्त्री, स्टेरॉइड किंवा कर्करोगाची औषधे घेणारे मूल आणि नवजात बाळ यांच्यासाठी हाच आजार जिवावर बेतू शकतो. आपल्या सहशिक्षिकांना लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असतील, तर त्यांना सहसा काळजीचे कारण नाही. ते त्यांना आठवत नसेल, तर आईला किंवा मोठ्या भावंडांना विचारावे, आणि तरीही खात्री होत नसेल तर शरीरात प्रतिकारशक्ती आहे की नाही हे रक्ताच्या एका तपासणीतून कळते. ती नसल्याचे निष्पन्न झाले, तर संपर्क आल्यापासून दहा दिवसांच्या आत, आणि जितके लवकर तितके चांगले, प्रतिपिंडांचे विशेष इंजेक्शन देता येते. ते मिळाले नाही तर विषाणूरोधक औषधाचा विचार स्त्रीरोगतज्ज्ञ करतात. कांजिण्यांची लस मात्र गरोदरपणात देत नाहीत, म्हणून कोणी उत्साहाने तसे सुचवल्यास त्यांनी ती घेऊ नये. तपासणीचा निकाल येईपर्यंत त्यांना तिसरीच्या वर्गापासून दूर ठेवणे, आणि शक्य असेल तर रजा देणे, हे मुख्याध्यापक म्हणून आपल्या हातात आहे.

पाचवीतील मुलाच्या पालकांना स्वतः भेटावे. त्यांनी त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ‘शाळेत कांजिण्या आहेत’ एवढे एक वाक्य सांगितले, तरी पुढचे निर्णय डॉक्टर घेतील. या भेटीत एक गोष्ट आवर्जून बजावावी. घाबरून स्टेरॉइडच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, कारण त्या एकदम थांबवणे हे स्वतंत्र संकट ठरते.

आता आजाराच्या ओळखीविषयी. आपण कांजिण्या असे लिहिले आहे आणि तारखा पाहता ते बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे, तरीही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी किमान एक-दोन मुले प्रत्यक्ष पाहणे आवश्यक आहे. कांजिण्यांचे पुरळ छाती, पाठ आणि चेहऱ्यावर आधी उठते, त्याला खाज असते आणि ते टप्प्याटप्प्याने येते. त्यामुळे एकाच मुलाच्या पाठीवर एका वेळी लाल ठिपके, पाणी भरलेले फोड आणि सुकलेल्या खपल्या असे तिन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतात. गोवरात हे चित्र नसते. तेथे तीन-चार दिवस जोराचा ताप, खोकला, वाहणारे नाक आणि लाल डोळे असतात, मग कानामागून आणि चेहऱ्यावरून पुरळ खाली उतरत जाते आणि त्यात पाणी भरत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण गोवराची शंका आली तर रक्ताचा नमुना घेणे, मुलाला जीवनसत्त्व अ च्या मात्रा देणे आणि आसपासच्या मुलांचे लसीकरण तपासणे ही कामे तातडीने करावी लागतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी परिसर, भिवंडी आणि मालेगाव येथे गोवर कसा पसरला आणि त्यात लहान मुले कशी दगावली, हे आपण वाचलेच असेल. म्हणून ‘ताप आणि पुरळ’ एवढे दिसले की आजाराचे नाव ठरण्याची वाट न पाहता आरोग्यसेविकेला कळवावे, तोंडी सांगून थांबू नये तर लेखी पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.

स्नेहसंमेलनाचा आरोप तारखांवरूनच तपासता येतो, आणि आपल्याला पुढे जे करायचे आहे तेही याच तारखांवर अवलंबून आहे. कांजिण्यांचा विषाणू शरीरात शिरल्यापासून पुरळ येईपर्यंत १० ते २१ दिवस जातात, बहुतेकांत १४ ते १६. शिवाय पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल आजार पसरवत असते. तिसरीतील पहिला मुलगा ५ फेब्रुवारीला घरी गेला, म्हणजे ३, ४ आणि ५ तारखेला तो वर्गात विषाणू पसरवत होता. त्या तीन दिवसांत ज्यांना लागण झाली, त्यांच्या अंगावर पुरळ १३ ते २६ फेब्रुवारीच्या दरम्यान आणि बहुधा १७ ते २१ तारखेला यायला हवे होते; ते १८ ते २१ ला आले. याचा अर्थ या सहा मुलांना लागण स्नेहसंमेलनात झालेली नाही, ती दोन आठवड्यांपूर्वी वर्गातच, आणि बहिणीला कदाचित घरी, होऊन गेलेली होती. पालकांच्या सभेत हे फळ्यावर तारखा लिहून दाखवावे.

परंतु याच हिशेबाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. ज्यांना १८ आणि १९ तारखेला पुरळ आले, ती मुले १७ तारखेला, कोणालाही शंका येण्यापूर्वीच, संसर्गक्षम होती आणि सगळ्या शाळेबरोबर मंडपात बसलेली होती. त्यामुळे पुढची लाट येण्याची शक्यता आहे. ती २६ फेब्रुवारी ते १४ मार्च या काळात आणि विशेषतः २ ते ९ मार्चच्या आठवड्यात दिसेल, आणि ती तिसरीपुरती मर्यादित नसेल. या दिवसांत रोज सकाळी परिपाठाच्या वेळी प्रत्येक वर्गशिक्षकाने मुलांचे चेहरे, मान आणि हात एकदा नीट पाहावेत, आणि ताप किंवा एखादा जरी पाण्याचा फोड दिसला तरी त्या मुलाला वर्गात न बसवता पालकांना बोलवावे. पालक येईपर्यंत मूल व्हरांड्यात, मोकळ्या हवेत, एका शिक्षकाजवळ बसलेले असावे. त्याला सगळ्यांसमोर उठवून बाजूला काढू नये, कारण एकदा असा अपमान झाला की पुढची मुले फोड शर्टाखाली लपवतात. आणखी एक विचारून पाहावे : त्या पहिल्या मुलाच्या घरी जानेवारीच्या उत्तरार्धात आजी-आजोबांपैकी कोणाला नागीण झाली होती का? नागीण आणि कांजिण्या यांचा विषाणू एकच असून नागिणीच्या फोडांतील पाण्यातून लहान मुलाला कांजिण्या होऊ शकतात. तसे असेल तर साथीचा उगम कळतो आणि उगाच एखाद्या कुटुंबाकडे किंवा बाहेरगावच्या मुलांकडे बोट दाखवणे थांबते.

शाळा बंद करण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. कांजिण्यांसाठी शाळा बंद करून फारसे काही साधत नाही. ज्यांना लागण व्हायची ती पुरळ दिसण्याआधीच होऊन गेलेली असते, आणि शाळा बंद असली तरी हीच मुले गल्लीत, पारावर आणि शेतावर एकत्र खेळतात. तोटा मात्र निश्चित असतो. अभ्यास बुडतो, आणि ज्या घरांत दुपारच्या शालेय पोषण आहारावर मुलाचे एक जेवण अवलंबून असते तेथे तेही जाते. असा निर्णय खरोखरच आवश्यक वाटला तर तो तालुका आरोग्य अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी यांनी मिळून घ्यावा. पालकांच्या दबावाखाली आपण तो एकट्याने घेऊ नये.

फवारणीलाही नम्रपणे नकार द्यावा. धुरळणी डासांसाठी असते. कांजिण्यांचा विषाणू आजारी मुलाच्या श्वासातून आणि फोडांतील पाण्यातून पसरतो, भिंतींना रसायन मारून तो थांबत नाही, आणि त्या वासाचा त्रास दम्याच्या मुलांना मात्र नक्की होतो. बाके साबणाच्या पाण्याने पुसावीत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, त्यातली एखादी कपाटामुळे अडली असेल तर कपाट हलवावे, आणि फेब्रुवारी-मार्चच्या सकाळी शक्य तितके तास झाडाखाली घ्यावेत. ग्रामपंचायत खर्च करायला तयारच असेल तर त्या पैशांतून हात धुण्यासाठी आणखी नळ बसवून घ्यावेत आणि वर्षभर साबण पुरेल अशी तरतूद करून घ्यावी. त्याचा उपयोग कांजिण्यांपेक्षाही पावसाळ्यातील जुलाब, कावीळ आणि डोळे येण्याच्या साथीत अधिक होईल.

खरी अडचण आपण पत्रात एका ओळीत उरकली आहे, ती म्हणजे तिसऱ्या दिवशी शाळेत परत येणारी मुले. नियम साधा आहे. शेवटच्या फोडावरही कोरडी खपली धरेपर्यंत मूल घरी राहिले पाहिजे, आणि यास पुरळ आल्यापासून साधारण पाच ते सात दिवस लागतात. खपल्या पडून जाण्याची वाट पाहायची गरज नाही. कोरड्या खपल्यांतून आजार पसरत नाही, त्यामुळे चेहऱ्यावर डाग आणि खपल्या असलेले मूल आठव्या दिवशी आले तर त्याला आनंदाने वर्गात घ्यावे. यासाठी डॉक्टरांचा दाखला मागू नये. दाखल्यासाठी तालुक्याला जाण्यात मजुराचा आणखी एक दिवस बुडतो, आणि ओला फोड उरला आहे की नाही हे मुलाची पाठ पाहून कोणत्याही शिक्षकाला सांगता येते.

पण नियम सांगितल्याने मूल घरी राहत नाही. आईबाप दोघेही सकाळी कामावर जातात, एक दिवसाची मजुरी बुडवणे त्यांना परवडत नाही, आणि मूल एकटे घरी ठेवण्यापेक्षा शाळेत सुरक्षित राहील, दुपारी जेवेलही, असा त्यांचा विचार असतो. त्यांना निष्काळजी म्हणणे अन्यायाचे होईल. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक तातडीने बोलवून प्रत्येक आजारी मुलामागे गावात कोण आहे हे नावानिशी ठरवावे. ज्यांना कांजिण्या होऊन गेल्या आहेत अशी आजी, शेजारीण किंवा आत्या दिवसभर मुलाजवळ बसू शकते, आणि त्यांना पुन्हा आजार होण्याची भीती जवळजवळ नसते. त्या आठवड्यात दुपारचा आहार डब्यातून घरी पोचवण्याची व्यवस्था समितीने करावी, अभ्यास वर्गशिक्षकांनी फोनवर किंवा भावंडाच्या वहीतून पाठवावा, आणि या दिवसांची गैरहजेरी मुलाच्या विरुद्ध कोठेही मोजली जाणार नाही असे पालकांना स्पष्ट शब्दांत सांगावे. आपल्या शाळेत ‘शंभर टक्के उपस्थिती’चे बक्षीस दिले जात असेल तर ते बंद करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अंगात ताप असताना बक्षिसासाठी वर्गात येऊन बसलेले मूल स्वतःचेही नुकसान करून घेते आणि बाकावरच्या सोबत्यांचेही, आणि आपण त्याचे टाळ्या वाजवून कौतुक करतो.

‘बाया आल्या आहेत’ असे मानणाऱ्या घरांशी बोलताना श्रद्धेवर घाव घालून काही मिळणार नाही. त्या रिवाजात मुलाला घरात वेगळे ठेवणे, बाहेरच्यांची ये-जा थांबवणे, स्वच्छता पाळणे हे भाग आहेत, आणि ते नेमके आपल्याला हवे तेच आहेत. त्यांना पाठिंबा द्यावा आणि खपल्या धरेपर्यंत ते पाळावेत असे सांगावे. दाराला कडुनिंबाचा डहाळा लावण्याने कोणाचे काही बिघडत नाही. जेथे बिघडते तेथे मात्र ठाम राहावे. मुलाला आंघोळ न घालणे, अळणी आणि अपुरे जेवण देणे, फोडांना शेण किंवा राख लावणे, आणि ताप चढूनही दवाखान्यात न नेणे या गोष्टींमुळेच फोडांत पू होतो आणि साधा आजार गंभीर बनतो. हे बोलणे आपण एकट्याने करण्यापेक्षा आशाताई आणि घरातील एखादी वयस्क बाई यांना सोबत घेऊन करावे, कारण सासूबाईंनी होकार दिला की आईचा प्रश्न सुटतो.

घरी करायची काळजी फार अवघड नाही. रोज कोमट पाण्याने आंघोळ घालून अंग हलके टिपावे, नखे कापावीत, खाजेसाठी कॅलामाइन लावावे, पाणी, पेज, ताक, वरण-भात असे नेहमीचे जेवण द्यावे. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी मुलाच्या वजनाप्रमाणे सांगितलेल्या मात्रेत द्यावे. अ‍ॅस्पिरिन कधीही देऊ नये, कारण कांजिण्यांच्या काळात त्यामुळे यकृत आणि मेंदूवर घातक परिणाम होऊ शकतो, आयबुप्रोफेनही टाळावे. किराणा दुकानातून ‘अंगदुखीची गोळी’ आणून देण्याची पद्धत गावोगाव आहे, म्हणून हे सभेत दोनदा सांगावे. एका घरात दुसऱ्या मुलाला लागण झाली तर त्याला फोड बहुधा अधिक येतात, तसेच बारा वर्षांवरील मुलांना आणि मोठ्या माणसांना हा आजार जास्त त्रास देतो. अशांना पुरळ दिसल्यापासून २४ तासांच्या आत डॉक्टरांकडे नेले तर विषाणूरोधक औषधाचा उपयोग होतो. चौथ्या दिवसानंतरही ताप राहिला किंवा उतरून पुन्हा चढला, फोडांभोवतीची कातडी लाल, गरम आणि दुखरी झाली, धाप लागली, मूल गुंगीत गेले, चालताना तोल जाऊ लागला किंवा सतत उलट्या होऊ लागल्या, तर वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. केवळ विचारपूस करायची असेल तर राज्याच्या आरोग्य विभागाचा १०४ हा क्रमांक आहे.

लसीविषयी पालक विचारतील. कांजिण्यांची लस सध्या शासकीय लसीकरण वेळापत्रकात नाही. ती खासगी दवाखान्यात पैसे देऊन दोन मात्रांत घेता येते. ज्यांना आजार झालेला नाही आणि ज्यांना खर्च परवडतो, अशा निरोगी मुलांना संपर्कानंतर तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत, ती दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. ती घेतलीच पाहिजे असे दडपण गरीब पालकांवर आणू नये. मात्र जे विनामूल्य मिळते ते सुटलेले नाही ना, हे पाहण्याची हीच वेळ आहे. गोवर-रुबेलाच्या दोन मात्रा झाल्या आहेत का, पाच ते सहा वर्षांच्या वयातील त्रिगुणी लसीची वर्धक मात्रा राहिली आहे का, दहा वर्षे पूर्ण झालेल्यांना धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस मिळाली आहे का, हे आरोग्यसेविकेबरोबर बसून माता-बाल संरक्षण कार्डावरून तपासावे.

पालकांच्या गटावर एकच संदेश पाठवावा, आणि त्यात कोणत्याही मुलाचे नाव नसावे. तो असा असू शकतो : ‘आपल्या शाळेत काही मुलांना कांजिण्या आल्या आहेत. १४ मार्चपर्यंत रोज सकाळी मुलाचे अंग पाहावे. ताप किंवा पुरळ असल्यास शाळेत पाठवू नये, वर्गशिक्षकांना कळवावे. गैरहजेरी धरली जाणार नाही. घरात गर्भवती स्त्री, महिन्याच्या आतील बाळ किंवा दीर्घ आजाराची औषधे घेणारी व्यक्ती असल्यास आजच मुख्याध्यापिकांशी बोलावे.’ ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यापर्यंत हेच शब्द दवंडीने किंवा अंगणवाडीताईंमार्फत पोचवावेत. गावात नवे बाळ कोठे आहे हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

शेवटी हजेरीपटाविषयी. आपण मला ५ तारीख आणि १८ ते २१ या तारखा इतक्या नेमक्या सांगू शकलात, म्हणूनच वरचा सगळा हिशेब मांडता आला. आता एक साधी वही करून तिच्यात मुलाचे नाव, वर्ग, पुरळ दिसल्याची तारीख, शाळेत आल्याचा शेवटचा दिवस, भावंडे कोणत्या वर्गांत आहेत आणि मूल परत आल्याची तारीख एवढेच लिहीत जावे, आणि दर सोमवारी तिची प्रत आरोग्यसेविकेला द्यावी. शेवटच्या मुलाला पुरळ आल्यापासून ४२ दिवस, म्हणजे २१ दिवसांच्या दोन फेऱ्या, एकही नवे नाव चढले नाही की साथ संपली असे समजावे. ही वही नंतरही बंद करू नये. एकाच वर्गातील तीन-चार मुले एकाच आठवड्यात ताप, जुलाब किंवा लाल डोळे यांमुळे गैरहजर राहिली, तर तेवढ्यावरूनच आरोग्य केंद्राला कळवावे. जुलै-ऑगस्टमध्ये त्या नोंदी पाण्याच्या टाकीकडे आणि पाणी शुद्ध करण्याच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरच्या वापराकडे लक्ष वेधतील. २ मार्चच्या आठवड्यात नवी मुले आढळली, तर त्यांच्या तारखा मला अवश्य कळवाव्यात, म्हणजे पुढचा हिशेब आपण मिळून मांडू.